गुन्हेगारीशास्त्राचा प्राध्यापक कोठून आणावा?

लखनऊहून फैजाबाद रस्त्याने पूर्वेकडे निघाले की शहर संपता संपता चिनहट लागते. ‘संपता संपता’ हे आता केवळ सवयीने म्हणायचे. शहर केव्हाच चिनहट ओलांडून पुढे गेले आहे. जुन्या लोकांना हे गाव तिथल्या चिनीमातीच्या रंगीत भांड्यांसाठी आठवते आणि इतिहासाच्या वाचकांना ३० जून १८५७ साठी. त्या दिवशी सर हेन्री लॉरेन्स रेसिडेन्सीतून फौज घेऊन चिनहटच्या दिशेने निघाला. समोरचे बळ किती आहे याची त्याला मिळालेली खबर चुकीची होती. इस्माईलगंजजवळ त्याचा पराभव झाला, ऐन लढाईत त्याच्याकडचे अवधचे गोलंदाज फिरले आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. चार दिवसांनी लॉरेन्स मरण पावला.

गेल्या दोन दशकांत या पट्ट्यात खासगी विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. २०१९ च्या हिवाळ्यात अशाच एका संस्थेने मला छाननी समितीत बाहेरचा सदस्य म्हणून बोलावले होते. पद होते गुन्हेगारीशास्त्राच्या प्राध्यापकाचे. अर्ज थोडे होते. एक अर्जदार विधी शाखेचे, एक रसायनशास्त्रातून न्यायसहायक विज्ञानाकडे वळलेले, एक मानसशास्त्राचे. चौथा अर्ज एका निवृत्त कारागृह अधिकाऱ्याचा होता. त्यांची नोकरी अठ्ठावीस वर्षांची. नोकरीत असतानाच त्यांनी समाजशास्त्रात पीएच.डी. केली होती आणि शासनाच्या तीन समित्यांचे अहवाल लिहिले होते. चारही नस्त्या समोर घेऊन आम्ही बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या ध्यानात आले की ‘गुन्हेगारीशास्त्राचा माणूस’ कोणाला म्हणायचे यावर आमचे एकमत नाही. हा गोंधळ आमच्या समितीपुरता नव्हता. या विषयाच्या जन्मापासून तो चालत आला आहे.

सुरुवात लखनऊपासूनच करता येते. १८४९ मध्ये लखनऊला रेसिडेंट म्हणून आलेल्या विल्यम स्लीमनची ख्याती त्याआधीच झाली होती ती ठगांच्या बंदोबस्तामुळे. ते काम त्याने केले जबलपूर-सागर भागात. माफीच्या साक्षीदारांकडून त्याने ठगांच्या टोळ्या, त्यांच्या वंशावळी आणि सांकेतिक भाषा टिपून घेतली. त्या भाषेवरचे ‘रामासीआना’ हे पुस्तक १८३६ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. इटलीत गारोफालोने ‘क्रिमिनोलॉजिया’ या नावाचे पुस्तक लिहिले ते १८८५ साली. म्हणजे शास्त्राला नाव मिळण्याच्या अर्धशतक आधी भारतात एक लष्करी अधिकारी गुन्हेगारांच्या मुलाखती घेऊन नोंदी करीत होता. त्याला प्राध्यापक कोणी म्हटले नसते, आणि त्यालाही ते रुचले नसते.

मात्र अधिकाऱ्याच्या ज्ञानाला प्रश्न विचारणारे कोणी जवळ नसले म्हणजे काय होते, हेही याच प्रदेशाने पाहिले. टोळीकडून वंशाकडे, वंशाकडून जातीकडे अशी नोंदींची पावले पडत गेली आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. तो प्रथम लागू झाला पंजाब, वायव्य प्रांत आणि अवध या उत्तरेकडच्या मुलखातच. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारा हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याने महाराष्ट्रात काय केले ते लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचलेल्यांना सांगावे लागत नाही. एकट्या अधिकाऱ्यांच्या हाती हा विषय राहू नये, याला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? म्हणून विद्यापीठ हवे.

लखनऊ विद्यापीठात १९२१ मध्ये अध्यापन सुरू झाले आणि अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून राधाकमल मुखर्जी आले. या विभागातील नेमणुकांचा इतिहास मला फार बोधप्रद वाटतो. १९२८ मध्ये धीरेंद्रनाथ मजुमदार नावाचा तरुण मानववंशशास्त्रज्ञ त्यांना हवा होता. मानववंशशास्त्राचे पदच नव्हते. मग त्याला ‘आदिम अर्थव्यवस्था’ या विषयाचा अधिव्याख्याता म्हणून घेतले! मानववंशशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९५१ मध्ये निघाला. तोवर तेवीस वर्षे हा माणूस दुसऱ्याच्या घरात राहून आपला विषय उभा करीत होता, आणि त्याच काळात ज्यांच्यावर गुन्हेगार जमात असा शिक्का होता त्या भांतू-हाबुडांचाही तो अभ्यास करीत होता. आजच्या एखाद्या लेखापरीक्षकाने ही नस्ती पाहिली असती तर पदनाम आणि अर्हता यांचा मेळ बसत नाही असा शेरा नक्की मारला असता.

याच वर्तुळातले बिजयशंकर हैकरवाल यांचे भारतातील गुन्ह्यांच्या आर्थिक व सामाजिक बाजूंवरचे पुस्तक १९३४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. गुन्हा रक्तात नसतो, त्याला दुष्काळ, कर्ज, बेकारी आणि शहराकडचे स्थलांतर यांच्या चौकटीत पाहावे लागते, हा विचार अर्थशास्त्राच्या विभागातून यावा हे स्वाभाविकच होते. पुढे १९३७ च्या मंत्रिमंडळात महसुलासोबत तुरुंग हे खाते रफी अहमद किडवाई यांच्याकडे आले. स्वतः तुरुंग भोगलेली माणसे तुरुंगाच्या नस्त्या पाहू लागली. १९३८ मध्ये संयुक्त प्रांताने पहिल्या गुन्ह्याच्या आरोपींसाठी परिवीक्षेचा कायदा केला; मुंबई प्रांतानेही त्याच वर्षी आपला परिवीक्षा कायदा केला. कायदा आला की परिवीक्षा अधिकारी हवे, आणि अधिकारी हवे म्हटले की त्यांना शिकवणारे हवेत. १९४० मध्ये लखनऊला तुरुंग अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. देशातले ते पहिले. पुढे त्याला डॉ. संपूर्णानंदांचे नाव देण्यात आले.

म्हणजे १९४० मध्ये लखनऊत काय काय होते ते पाहा. गुन्ह्याचा अभ्यास करणारे विद्यापीठ होते, तुरुंग होता, तुरुंगाच्या लोकांना शिकवणारी शाळा होती आणि या सर्वांकडे सहानुभूतीने पाहणारी राजकीय पिढी होती. एवढे असून विद्यापीठाच्या मंजूर पदांच्या यादीत गुन्हेगारीशास्त्राचे अध्यासन मात्र आले नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात एक शाखा म्हणून विषय राहिला. शाळा गृहखात्याची, विद्यापीठ शिक्षणखात्याचे. एका गावातल्या दोन इमारतींमध्ये जे अंतर सचिवालयाच्या दोन मजल्यांमुळे पडते ते पायी चालून मिटत नाही, हा अनुभव प्रशासनातल्या प्रत्येकाला असतो.

मुंबईत गाडी वेगळ्या रुळावरून गेली. १९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय निघाले. १९४४ पासून ते टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. मुंबईला १९२४ चा बालकायदा होता, १९२७ पासून चिल्ड्रन्स एड सोसायटी होती, डोंगरीचे बालगृह होते. विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून न्यायालयात आणि बालगृहात पाठवायचे ही पद्धत तिथे पहिल्यापासून रुजली. १९५१-५२ मध्ये भारत सरकारच्या विनंतीवरून संयुक्त राष्ट्रसंघाने ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर रेकलेस यांना तुरुंग प्रशासनाचे तज्ज्ञ म्हणून धाडले. शिकागोत तयार झालेले हे पन्नाशी ओलांडलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी येथील तुरुंग पाहिले, अहवाल लिहिला आणि मुंबईस टाटा संस्थेत तुरुंगखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा वर्गही घेतला. त्या वर्गात जे बसले त्यांतले अनेक जण पुढे आपापल्या राज्यात सुधारणांचे काम करीत राहिले, आणि १९५७ मध्ये नेमलेल्या अखिल भारतीय कारागृह नियमावली समितीला जी भूमी तयार मिळाली तिच्यात या कामाचा मोठा वाटा होता. एका वरिष्ठ प्राध्यापकाला थोड्या काळासाठी उसने आणले तरी केवढे काम होते, याचे हे उदाहरण. त्यासाठी जाहिरात काढावी लागली नव्हती.

तशी तर तुरुंगाबद्दलची सर्वांत धाडसी कल्पना आपल्याकडे विद्यापीठातून नव्हे, संस्थानातून आली होती. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत निघाली. ‘दो आँखें बारह हाथ’ मुळे ती सर्वांना माहीत आहे. उत्तर प्रदेशात बनारसजवळ चंद्रप्रभा नदीवर १९५२ मध्ये कैद्यांचे खुले शिबिर भरले, त्यालाही संपूर्णानंदांचे नाव आहे. या दोन प्रयोगांची तुलना करणारा प्रबंध कोणी लिहावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. हा विषयांतराचा दोष वाचकांनी पदरात घ्यावा.

मग १९५९ साल आले. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडात केंब्रिजला गुन्हेगारीशास्त्राची संस्था स्थापन झाली आणि लिऑन राझिनोविच तिथल्या वुल्फसन अध्यासनावर बसले. ब्रिटनमधले या विषयाचे ते पहिले प्राध्यापक. आणि भारतात सागर विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञान हा विभाग निघाला. भारतीय विद्यापीठांतला पहिला. सागरला गेलेल्या मराठी माणसाला गोविंदपंत बुंदेल्यांची आठवण होते. मला तिथे स्लीमनची झाली. ज्या भागात ठगांच्या जबान्या घेतल्या गेल्या तिथेच सव्वाशे वर्षांनी विभाग उघडावा, हा योगायोगच. विद्यापीठाचे संस्थापक हरिसिंह गौर हे भारतीय दंडसंहितेचे गाजलेले भाष्यकार. विभाग निघाला तेव्हा त्यांच्या मृत्यूला दहा वर्षे होत आली होती.

केंब्रिजची हकीकत निवड समित्यांनी वाचण्यासारखी आहे. गृहमंत्री बटलर यांना अशी संस्था हवी होती, पैसा वुल्फसन प्रतिष्ठानने दिला. राझिनोविच मूळचे पोलंडचे, कायद्याचे पंडित, आणि केंब्रिजच्या विधी विभागाच्या आश्रयाने त्यांनी आधीच बरीच वर्षे काम चालवलेले. तेव्हा अध्यासन निघाले त्याआधी माणूस सिद्ध होता. याउलट लंडनचे हेरमान मानहाइम पाहा. जर्मनीत न्यायाधीश होते, हिटलरच्या काळात देश सोडावा लागला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी इंग्लंडातील गुन्हेगारीशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घातला आणि १९५५ मध्ये प्रपाठक म्हणूनच निवृत्त झाले. प्राध्यापकपद निघालेच नाही.

अमेरिकेने आणखी मोठी उडी मारली होती. बर्कलेचे पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्याकडे कोणतीही विद्यापीठीय पदवी नव्हती; १९२९ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना पोलीस प्रशासनाचे प्राध्यापक केले, नंतर ते बर्कलेला शिकवू लागले. त्यांच्या प्रयत्नांच्या परंपरेतून १९५० मध्ये बर्कलेला गुन्हेगारीशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय झाले. पुढच्या पिढीचे शिक्षक पोलिसांवरच कठोर टीका करू लागले, वाद पेटला आणि १९७६ मध्ये विद्यापीठाने ते विद्यालय बंद केले. पोलिसाने सुरू केलेला विभाग पोलिसांच्या टीकाकारांनी चालवावा, आणि तेवढ्यावरून तो विद्यापीठाला डोईजड व्हावा, हे आपल्याकडे घडले नाही याचे एक कारण असे की आपल्याकडे तेवढा विभागच वाढला नाही.

सागरच्या विभागाच्या नावात दोन विषय आहेत हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ही जोडी पुढे देशभर रूढ झाली आणि माझ्या मते तिने गुन्हेगारीशास्त्राचे नुकसान केले. न्यायसहायक विज्ञानाला प्रयोगशाळा असते, यंत्रे असतात, अनुदान मिळते, विद्यार्थ्यांना नोकरी मिळते. लखनऊतही पिपरसंडला न्यायसहायक विज्ञानाची राज्य संस्था उभी राहिली, तिचा पायाभरणी समारंभ १ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे अपेक्षित धरले आहे, तेव्हा ही मागणी वाढतच जाणार आणि ती रास्तही आहे. पण रक्ताचा डाग कोणाचा हे सांगणारा माणूस वेगळा, आणि त्या वस्तीतली मुले पंधराव्या वर्षी चाकू का हाती घेतात हे विचारणारा वेगळा. दोघांसाठी एकच पद असले म्हणजे ते पहिल्याला मिळते.

पद एकच असण्याचे दुसरेही दुखणे आहे. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्रकरणात आरक्षणासाठी विभाग हा घटक धरावा असा निर्णय दिला. गुन्हेगारीशास्त्रासारख्या दोन-तीन पदांच्या विभागात बिंदुनामावली फिरून राखीव बिंदूपर्यंत पोहोचायला पिढी गेली असती. २०१९ च्या केंद्रीय अधिनियमाने संपूर्ण विद्यापीठ हा घटक पुन्हा आणला. ज्या जमातींना एके काळी जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांच्यातला कोणी या विषयाचा प्राध्यापक होण्याच्या वाटेवर अशा तांत्रिक गोष्टी आडव्या येतात, म्हणून त्यांचा उल्लेख केला.

आता पुन्हा चिनहटच्या त्या खोलीत जाऊ. आमच्यासमोर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली होती. प्राध्यापकपदासाठी संबंधित, संलग्न वा सुसंगत विषयातील पीएच.डी., किमान दहा शोधनिबंध, दहा वर्षांचा अध्यापनाचा किंवा समकक्ष संशोधनाचा अनुभव आणि संशोधनाचे १२० गुण. सामाजिक शास्त्रांत एका मान्य निबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०. धोरणविषयक दस्तऐवज राज्य शासनाला दिला असेल तर ४, केंद्राला दिला असेल तर ७. कारागृह अधिकाऱ्यांची बेरीज आम्ही तीनदा केली. एक पुस्तक १०, दोन निबंध २०, राज्य शासनाचे तीन अहवाल १२. एकूण ४२.

चहा आला तेव्हा मी मनातल्या मनात मुल्ला समितीच्या अहवालाला गुण देऊन पाहिले. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला लखनऊचेच. उर्दूचे कवी, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पोलिसांबद्दलचे त्यांचे कठोर ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने नंतर वगळले. १९६७ मध्ये लखनऊहून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९८० ते १९८३ या काळात त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरातील तुरुंग पाहून जो अहवाल दिला त्याच्यावाचून आजही कारागृहांवर एक प्रकरण लिहिता येत नाही. त्याला ७ गुण!

नियमावलीत दुसरी वाट होती. नामांकित व्यावसायिकाला, पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव असल्यास, इतर शैक्षणिक संस्थेतून किंवा उद्योगातून घेता येते. मग चर्चा सुरू झाली की तुरुंग हा उद्योग आहे काय. कोणी तरी म्हणाले, तिथे सतरंज्या विणतात. सगळे हसले. प्रशिक्षण विद्यालयात ते सहा वर्षे शिकवीत होते, ती ‘शैक्षणिक संस्था’ धरता येईल का, असे मी विचारले. त्याचा पूर्वीचा दाखला कोणापाशी नव्हता, आणि दाखला नसलेला निर्णय लेखापरीक्षणात टिकत नाही हे मीच अनेकदा कनिष्ठांना शिकवले आहे. अर्ज अपात्र ठरला. छाननी पत्रकावर माझीही सही आहे. संस्थेने नियम मोडला नाही, आम्हीही नाही.

मला त्या दिवशी सांगायचे होते आणि सांगता आले नाही ते असे. कारागृहे हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. संशोधकाला आत जायचे तर प्रत्येक राज्याची परवानगी वेगळी, आणि ती सहसा विषयाकडे नव्हे, माणसाकडे पाहून मिळते. ज्याच्या नावाने दार उघडते असा एक प्राध्यापक विभागात असला तर वीस विद्यार्थी त्याच्यामागून आत जातात. टाटा संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून मुंबईच्या तुरुंगात हेच केले. तिथे शिक्षक आणि कार्यकर्ता वेगळे राहिले नाहीत, म्हणून कच्च्या कैद्यांबद्दलचे त्यांचे म्हणणे न्यायालयांनाही ऐकावे लागते. १२० गुण मिळवलेल्या पण तुरुंगाचे दुसरे फाटक न पाहिलेल्या विद्वानाबद्दल मला अनादर नाही. त्याला आणि त्या बेचाळीस गुणांच्या माणसाला एकाच विभागात बसवता आले असते तर लखनऊचे १९४० पासूनचे काम पुढे गेले असते. रसायनशास्त्राचे अर्जदार निवडले गेले. माणूस कष्टाळू आहे, त्यांची प्रयोगशाळा चांगली चालते.

२०२२ मध्ये आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना आणली. पंधरा वर्षांचा व्यावसायिक अनुभव पुरे, पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका, मुदत तीन वर्षे आणि अपवादाने आणखी एक. मंजूर पदांत मात्र तिची गणना नाही. व्होल्मरला बसवता येईल अशी ही पहिली खुर्ची आपल्याकडे आली. एका तुरुंगातील अभ्यासाची परवानगी, मुलाखती आणि लेखन एवढ्यालाच तीन वर्षे सहज जातात, तरीही मी त्या निवृत्त अधिकाऱ्यांना फोन करून योजनेची माहिती दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “साहेब, त्यांच्या अर्जातही विषयाचा रकाना असेल. त्यात काय लिहू?”